एकटा राहिलेला बजी गप्प बसायलाय, दुसरा आणावा का?

पत्र्याखालचा_पाहुणा (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या दिवाळीत पोरीच्या हट्टापायी लव्हबर्डची जोडी आणली, दुकानदार लव्हबर्डच म्हणला होता पण इथलं जुनं वाचल्यावर कळलं की ते बजी, म्हणजे बजरीगार जातीचे छोटे पोपट हायेत. एक हिरवा आन् एक निळी. हिरव्याचं चोचीवरचं नाक निळं आहे म्हणजे नर, निळीचं तपकिरी होतं म्हणजे मादी, हे बी इथंच वाचलं.

तर एप्रिलच्या मध्याला सकाळी उठून बघतो तर निळी पिंजऱ्याच्या तळाला मरून पडलेली. आदल्या संध्याकाळपर्यंत दाणे खायली होती हो, काहीच झालेलं नव्हतं. पोरगी चौथीत आहे, दोन दिवस जेवली नाही. आता मागच्या आठ-दहा दिवसांपासून हिरवा गप्प गप्प बसायलाय. आधी सकाळी सहाला शिट्ट्या मारून घर उठवायचा, आता पिसं फुगवून एका कोपऱ्यात, दुपारी बी डोळे मिटूनच.

घरात तीन मतं झालेत. बायको म्हणती दुसरी मादी आणा, त्याला करमत नाही. आई गावाकडं लग्नाला गेलीय, ती फोनवर म्हणती सोडून दे बाबा त्याला, पाखरू कोंडल्याचं पाप लागतं. दुकानदार म्हणला टेट्रासायक्लीनची पुडी पाण्यात टाक, चार दिवसात ठणठणीत. आन् इथल्या एका दवाखान्यात नेला तर तिथले म्हणले आम्ही म्हशी-शेळ्या बघतो, ह्याला इंजेक्शन कुठं टोचू. त्यांचं बी खरंच आहे म्हणा, जीव तेवढा तेवढासा.

काय करावं? जोडीदार आणू का? लवकर सांगा, पोरगी रोज शाळेतून आली की आधी पिंजऱ्याकडं पळती.

जालन्याचा_दाणेवाला

आणा की बिनधास्त. बजी कळपातला पक्षी, एकटा झुरतो. माझ्याकडं ८ आहेत, एक मेला की मी त्याच आठवड्यात दुसरा आणतो. मादी घेताना नाकाचा रंग बघून घ्या, पिल्लू असलं तर दुकानदार काहीही सांगतात.

मोकळं_आभाळ

तुमच्या आईचं ऐका. पंख दिलेत ते उडायला, पिंजऱ्यात बसायला नाही. सोडून द्या.

बजीवाली_मावशी (नांदेड)

दादा थांबा, दुसरा आणू नका आणि सोडू पण नका. आधी हा आजारी आहे का बघा.

मोकळं आभाळ, तुमचा हेतू चांगला आहे पण बजी हा आपल्याकडचा पक्षी नाही, ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्डनं १८४० मध्ये तिकडून इंग्लंडला जिवंत नेले, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मायलेत हे. आपल्या बाभळीवर बसून काय खायचं ते त्याला माहीत नाही आणि शिक्रा, कावळा, मांजर तर आधीच वाट बघत असतात. सोडला की दोन दिवस. पाप कुठलं मोठं ते तुम्हीच ठरवा.

आणि दाणेवाले भाऊ, राग मानू नका पण "एक मेला की दुसरा" ह्यातच गोची आहे. एक का मेला ते कळल्याशिवाय दुसरा आणला तर आणलेला बी मरायचा, नाहीतर आणलेल्यामुळं घरचा. नवीन पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो.

मी ११ वर्षं झालं पाळते, आत्ता तीन बजी आणि एक कॉकटेल (कॉकाटील, तुरेवाला पोपट) आहे, त्याच्या आधी बरेच गेले, त्यातले निम्मे माझ्या अडाणीपणानं गेले हे आता कबूल करते. पहिली गोष्ट ही शिकले की पाखरू आजारपण लपवतं. कळपात जो लुळा दिसला त्यालाच शिकारी उचलतो, म्हणून शेवटपर्यंत खाल्ल्यासारखं करायचं, बसल्यासारखं करायचं. म्हणजे तुम्हाला आज दिसलं तर ते आजचं नसतं, बरेच दिवसांचं असतं. "काल तर बरी होती" हे आम्ही सगळेच म्हणतो. दिवसा फुगून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर बसणं म्हणजे उदास नाही, त्याला थंडी वाजायलीय नाहीतर ताकद नाही. निरोगी पाखरू झोपताना बहुतेक एक पाय पोटात घेतं.

आता हे सांगा, एकेक करून, लपवू नका:

पिंजरा केवढा आणि कुठं टांगलाय? नॉनस्टिक भांडी, मच्छर अगरबत्ती, धूप काय काय जळतं घरात? खायला काय? अंडी घालायचा मटका आहे का आत, अंडी घातली होती का निळीनं? रात्री टीव्ही किती वाजेपर्यंत? विष्ठा कशी दिसते? श्वास घेताना शेपटी वरखाली हलते का? चोचीच्या कडेला पांढरं खरबरीत काही आलंय का?

आणि वाटीतली टरफलं कोण फुंकतं?

पत्र्याखालचा_पाहुणा

मावशी एवढं कोणीच विचारलं नव्हतं. सांगतो.

पिंजरा गोल आहे, दुकानदारानं दिला तोच, फूटभर रुंद असेल. स्वयंपाकघराच्या दारात टांगलाय, वर पत्रे. दुपारी तापतं पण समोर कूलर आहे, त्याच्या हवेत ठेवतो. डोशाचा तवा नॉनस्टिक आहे, हप्त्यातून एकदा. मच्छर अगरबत्ती रोज. खायला राळे, दुकानात मिक्स मिळतं तेच, कधी कोथिंबीर टाकली तर तो बघत बी नाही. मटका आहे, निळीनं हिवाळ्यात तीनदा अंडी घातली, पिल्लं एकदा बी निघाली नाहीत. टीव्ही साडेअकरा बारा. विष्ठा हिरवट पातळ आहे. शेपटी हलती थोडी. चोचीच्या बाजूला पांढरं आहे, आम्हाला वाटलं दाण्याची पूड चिकटली.

टरफलं फुंकायचं आई करायची, ती गावाकडं गेलीय १५ दिवस झालं. पण वाटी भरलेलीच असती, पोरगी रोज बघती.

बजीवाली_मावशी (नांदेड)

अहो उठा. आत्ता उठा आणि वाटी बाहेर नेऊन फुंका. मग काय उरतं ते मला सांगा.

पत्र्याखालचा_पाहुणा

फुंकलो. खाली सात-आठ दाणे होते. बाकी सगळी टरफलं. वरून भरलेली दिसायली होती हो वाटी. पोरगी दोन-तीन दिवसाला वरून चिमूटभर टाकायची म्हणती, तेवढ्यावरच काढलं त्यानं. नवे दाणे टाकले तर तुटून पडलाय.

बजीवाली_मावशी (नांदेड)

मला वाटलंच. पोरीला काही बोलू नका, ह्यात भले भले फसतात. बजी दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतलं खातो आणि साल परत वाटीत टाकतो. माणसाला वाटतं भरलीय. आईचं फुंकणं बंद झालं त्याचे १५ दिवस आणि ह्याचं गप्प होणं आठ-दहा दिवस, हिशोब बरोबर जुळायलाय. पण एवढंच नाही, चोचीवरचं पांढरं आणि हलणारी शेपटी ह्याला डॉक्टर लागणार. आज लगेच करायचं ते सांगते.

दाणे दिवसातून दोनदा टरफल काढून. पाणी बी दोनदा बदला, ह्या उन्हात दुपारपर्यंत त्यात विष्ठा पडून वास येतो. पाणी आपण पितो तेच द्या. टँकर-बोअरच्या पाण्यात क्षार असतात, वाटीतलं आटलं की त्यावरच नवं ओतत राहू नका, एवढंच.

पिंजरा स्वयंपाकघरातून आजच हलवा. पाखराचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं, हवा आत येऊन त्याच वाटेनं परत जात नाही, हवेच्या पिशव्यांतून फिरून फुप्फुसात एकाच दिशेनं वाहते, म्हणून चांगली हवा जशी जोरात शोषली जाते तशी वाईट पण. म्हणून तर ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी सोबत नेत होते, विषारी वायू आला की माणसाच्या आधी पाखरू सांगायचं. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला आणि २८० अंशाच्या वर गेला की त्याच्या थराचा जो वायू निघतो त्यानं बजी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वास बी येत नाही धड. निळी त्यानं गेली असं नाही म्हणत मी, तसं असतं तर दोन्ही गेले असते. पण लोखंडी तवा काढा माळ्यावरून, डोसे त्यावर जास्त चांगले होतात खरं तर. मच्छर अगरबत्ती बंद, पिंजऱ्याला रात्री जुनी मच्छरदाणी टाका. गुग्गुळ-धूप सणाला करायचा तर पिंजरा दुसऱ्या खोलीत, दार लावून.

निळीचं आता पक्कं कळणार नाही. पण तीन वेळा अंडी, नुसते राळे, कॅल्शियम कुठून येणार बिचारीला? माझी पहिली मादी अंडं अडकून गेली, अशीच सकाळी तळाला. मटका काढून टाका. दुकानदार पिंजऱ्यासोबत मटका फुकट देतात आणि आपण हौसेनं लावतो. मटका दिसला की मादीला वाटतं घर बांधायचंय, अंडी घालतच राहते. आणि समुद्रफेस आणा, आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, कटलबोन म्हणून ऑनलाइन महाग विकतात तोच हा. तारेला बांधून ठेवायचा, चोच बी घासली जाते.

मोकळं_आभाळ

मावशी सोडायचं मागे घेतो. हे माहीत नव्हतं.

परभणीचा_अर्धा_डॉक्टर

पशुवैद्यकच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून नाव अर्धा डॉक्टर, माझं अर्धंच ऐका. 😄

पुडीचं आधी. टेट्रासायक्लीन पाण्यात टाकू नका. पाणी कडू लागतं, आधीच अशक्त पक्षी पाणी प्यायचं सोडतो, किती औषध पोटात गेलं हे कोणालाच माहीत नाही, आणि ज्या आजारावर ते चालत नाही त्यात नुसतं नुकसान. दुकानदाराकडं एकच पुडी असते म्हणून सगळ्यांना एकच आजार असतो.

चोचीच्या कडेला पांढरं, जवळून बघितलं तर बारीक बारीक भोकं पडल्यासारखं, मधाच्या पोळ्यासारखं दिसत असेल तर ती बहुतेक चोचीवरची खरूज आहे, बारीक किडे कातडीत बिळं करतात. ह्याला आयव्हरमेक्टिन लागतं, वजन बघून थेंबात, मानेच्या कातडीवर. गुरांच्या बाटलीतलं अंदाजे टाकलं तर पक्षी मरतो, ते पण बघितलंय. म्हणून प्लीज घरी नको. हा आजार तसा जीवघेणा नाही, मला जास्त काळजी वजनाची वाटते.

किचनचा डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तीनचारशेत येतो. बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं. रोज सकाळी दाण्याआधी छोट्या डब्यात बसवून मोजा आणि कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तसं. दहा टक्के कमी झालं की पक्षी कितीही फ्रेश दिसो, दवाखाना. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीसारखं लागत असेल तर तो फारच वाळलाय.

विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी दोरीसारखा भाग, पांढरा भाग आणि पाणी. पिंजऱ्याच्या तळाला पांढरा कागद घाला म्हणजे कळतं. पोटात काही नसलं की गडद हिरवी पातळ होते, तुमच्या केसमध्ये उपाशी होता म्हणून तशी असू शकते, दोन दिवस खाल्ल्यावर बदलते का बघा. पण शेपटी हलते म्हणजे श्वासाला जोर लागतोय, त्यासाठी वाट बघू नका.

कुठं न्यायचं: मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं दवाखाना आहे. तुम्हाला परळीवरून परभणी सोपं जाईल. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल, अंधारात पक्षी शांत राहतो. पहाटेची गाडी पकडा, दुपारच्या एसटीत नेऊ नका. येताना तळाचा विष्ठेचा कागद प्लास्टिकमध्ये घालून घेऊन या.

अजून एक, पोरगी पिंजरा साफ करत असेल तर मोठ्यांनी करा, तोंडाला रुमाल बांधून, कागद ओला करून. बजीपासून माणसाला होणारा एक फुप्फुसाचा आजार आहे. घरात कोणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरला आवर्जून सांगा की घरी पाखरू आहे, ते स्वतःहून विचारत नाहीत.

गल्लीतला_राघू

सगळं बजी बजी चाललंय. आमच्याकडं गावरान राघू आहे, ९ वर्षांचा, आजोबांनी ढोलीतून काढला होता, "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो, मिरची-डाळ-भाकरी सगळं खातो, चहात बिस्कीट बुडवून खातो. कधी दवाखाना नाही की काटा नाही. एवढे लाड कशाला?

परभणीचा_अर्धा_डॉक्टर

दादा, गावरान राघू पाळता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतो तो. ढोलीतून पिल्लू काढणं, विकणं, घरात ठेवणं सगळंच बंद आहे. एवढी वर्षं माणसात राहिलेला एकदम सोडूही नका, वनविभागाशी बोला. बजी, कॉकटेल परदेशी आहेत म्हणून चालतात. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे (मोठे परदेशी पोपट) घ्यायचा विचार असेल कोणाचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आणि चहा तेवढा बंद करा. चहा-कॉफी, चॉकलेट, मीठ, कांदा-लसूण, ॲव्होकॅडो नाही द्यायचं.

गल्लीतला_राघू

आजीला सांगून बघतो. ती मलाच वनविभागाकडं देईल.

लातूरचा_कूलरवाला

ते उन्हाचं राहूनच गेलं की. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते आम्हाला विचारा, ४२-४३ ला मी एका दुपारात दोन बजी घालवले. मला वाटायचं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला पक्षी, त्याला काय ऊन? पण तिकडं तो झाडाच्या सावलीला जातो, पाण्याकडं उडत जातो, पिंजऱ्यात कुठं जाणार? घाम येत नाही त्यांना. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला आणि पंख अंगापासून लांब धरले की समजायचं तापलाय. लगेच साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, पाय पाण्यात बुडवा, बर्फाचं पाणी नाही.

कूलरच्या तोंडासमोर पण ठेवू नका. ओली हवा दिवसभर अंगावर, मग लाईट गेली की एकदम भट्टी, त्यापेक्षा कूलर खोलीत फिरू द्या आणि पिंजरा खाली, भिंतीकडं. उष्णता वर असते, टांगलेला पिंजरा पत्र्याला जवळ. मी आता दुपारी पिंजरा फरशीपासून हातभर उंच स्टुलावर ठेवतो आणि एका बाजूला ओलं पोतं टांगतो, आपल्याकडं हवा कोरडी म्हणून पोत्यानं मस्त गार होतं आणि लोडशेडिंगला पण चालतं. मांजरीकडं मात्र लक्ष ठेवा.

बजीवाली_मावशी (नांदेड)

कूलरवाले भाऊ बरोबर. आणि तो गोल पिंजरा बदला. बजी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उडत नाही, आडवा उडतो, म्हणून उंची नको लांबी पाहिजे. दोघांना अडीच फूट लांब, दीड फूट रुंद तरी, तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आत नाहीतर डोकं अडकतं. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काड्या काढून पेरूच्या नाहीतर कडुलिंबाच्या फांद्या घाला, जाड-बारीक मिसळून. एकाच जाडीवर बसून तळपायाला फोड येतात. कडुलिंबाची साल सोलत बसतात दिवसभर, तोच त्यांचा टीव्ही. तुमचा टीव्ही मात्र साडेअकराचा चालणार नाही, त्याला दहा-बारा तास अंधार पाहिजे, संध्याकाळी वरून चादर टाकून आतल्या खोलीत.

कोथिंबीर खात नाही कारण त्याला ते खाणं आहे हे माहीतच नाही. ओली करून तारेला उलटी बांधा, त्यात अंघोळ करता करता चव लागते. माझ्या एकाला गाजर खायला चार महिने लागले. मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, सगळं थोडं थोडं. नुसत्या दाण्यावर वाढलेला बजी वरून गुटगुटीत दिसतो आणि आतून जीवनसत्त्व अ नसतं, मग नाक-घसा-छातीची दुखणी. सूर्यफूल तर शेंगदाण्यासारखं, खूष होतो पण चरबी चढते. हुरड्याच्या दिवसात कोवळं ज्वारीचं कणीस टांगून बघा एकदा, फवारलेलं नाही ना एवढं शेतवाल्याला विचारून.

पत्र्याखालचा_पाहुणा

उशिरा लिहायलोय, माफी. बारा दिवस झाले. त्याच हप्त्यात परळीहून पहाटेच्या गाडीनं परभणीला नेला, खोक्यात गप बसला होता, गाडीत शेजारच्या आजीनं विचारलं काय आहे, पोरगी म्हणली पेशंट.

वजन भरलं २६ ग्रॅम. डॉक्टर म्हणले अजून दोन-तीन दिवस गेले असते तर आणायची गरज पडली नसती. चोचीवर खरूजच निघाली, मानेवर थेंब टाकला, पुन्हा दोनदा जायचंय. छातीसाठी औषध दिलंय ते चोचीच्या कडेनं थेंब थेंब पाजायलोय, चावतो लई. आज सकाळी ३१ भरलं. पोरीनं वहीला उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता केलाय, रोज सहाला वजन घेती, आन् वाटी फुंकायचं काम बी तिनंच घेतलंय, अंगणात जाऊन, तोंडाला रुमाल बांधून. शिट्टी अजून पूर्ण नाही पण कुरकुर सुरू झाली, चोच घासल्याचा आवाज करतो झोपायच्या आधी. पांढरं कमी व्हायलंय.

दुसरा आत्ताच आणत नाही. ह्याचं औषध संपू दे, मोठा पिंजरा इथल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायलोय, मग बघू. तोवर त्याच्यासंगं कोणीतरी बसतं दिवसातून दोन-तीन वेळा. बायको शिवणकाम त्याच्यापाशीच करती आता.

आई काल आली गावाहून. सोडून दे म्हणणारीच येताना पदरात राळ्याची कणसं बांधून घेऊन आलीय, मागच्या सालची, कोणाच्या तरी घरी कणगीत होती म्हणती. देऊ का?

बजीवाली_मावशी (नांदेड)

कणगीत कीडनाशकाची गोळी ठेवली होती का ते आधी विचारा आईला. नसेल ठेवली तर बुरशी-जाळी बघून, धुवून, उन्हात कडक वाळवून एक कणीस टांगा, झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर नकोच. आणि वजन ३१ चं ३३ झालं की कळवा.